मूळ कराडकर

आमच्या कराडात पूर्वी तीन गोष्टी फुकट मिळत. प्रीतिसंगमावरचा वारा, पत्ता विचारला तर हातातलं काम टाकून घरापर्यंत सोडायला येणारा माणूस आणि ‘गाव आता पूर्वीचं राहिलं नाही’ हे वाक्य. पैकी पहिल्या दोहोंचा पुरवठा अलीकडे अनियमित झाला आहे. तिसऱ्याचा मात्र चोवीस तास चालू आहे, आणि तोही पूर्ण दाबाने.

हे वाक्य म्हणणाऱ्या गृहस्थाला ‘मूळ कराडकर’ असे म्हणतात. त्याला ओळखणे सोपे असते. तो कुठल्या तरी वाराच्या नावाच्या पेठेत राहतो. चावडी चौकात उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेने बघतो, की जणू त्या माणसाने परवानगी न विचारता याच्या माजघरात चप्पल घालून पाय ठेवला आहे. मग तो सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, “काय सांगू तुमास्नी! ह्या बाहेरच्यांनी पार वाट लावली बगा गावाची.”

मी स्वतः पेठेतलाच. त्यामुळे हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो आहे. म्हणजे बघा, आजचे म्हातारे ज्या ‘पूर्वी’बद्दल गहिवरून बोलतात, त्या पूर्वीही गाव पूर्वीचं राहिलेलं नव्हतं. आमच्या आजोबांच्या मते गाव बिघडलं ते एस.टी. आल्यापासून. त्यांच्या वडिलांच्या मते ते बिघडलं रेल्वे आल्यापासून. आणि रेल्वे तर बिचारी गावात आलेलीच नाही. ती ओगलेवाडीलाच थांबली. एवढ्या लांबून गाव बिघडवणारी दुसरी रेल्वे हिंदुस्थानात नसेल.

आता हे बाहेरचे आले तरी किती, म्हणून सरकारी आकडे बघायला गेलो तर निराळीच मौज. २००१ च्या शिरगणतीत कराड नगरपालिकेच्या हद्दीत ५६ हजारांवर माणसं होती. २०११ च्या शिरगणतीत ती भरली ५४ हजारांच्या आत. म्हणजे दहा वर्षांत माणसं वाढली नाहीत, दोनेक हजारांनी कमी झाली! मग संध्याकाळी दत्त चौकात माझ्या पायावरून स्कूटर नेणारे ते कोण? शाळा सुटली की रस्ता अडवणाऱ्या त्या रिक्षा कुणाच्या पोरांनी भरलेल्या असतात? सरकारी कागदानुसार हे लोक अस्तित्वातच नाहीत. अस्तित्वात नसलेल्या माणसाला हॉर्न एवढा मोठा कसा वाजवता येतो, हे मात्र कागदात दिलेलं नाही.

उत्तर सोपं आहे आणि ते नाक्यापलीकडे आहे. त्याच २०११ साली पलीकडच्या मलकापुरात तीस हजारांवर माणसं मोजली गेली. कालपरवापर्यंत जे खेडं होतं, त्याची आधी नगरपंचायत झाली, मग नगरपरिषद. २०२१ ची शिरगणती तर झालीच नाही. त्यामुळे आज किती आहेत हे मोजायचं साधन एकच: सकाळी नऊ वाजता कोल्हापूर नाक्यावर उभं राहायचं आणि रस्ता ओलांडून दाखवायचा.

खरी गोम अशी आहे, की कराड आता कराडात नाही. कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे. आता ही ओगलेवाडीही बघा. १९१६ साली ओगल्यांनी काचेचा कारखाना काढला, प्रभाकर कंदील घरोघर पोचवला, आणि कारखान्याभोवती माणसं जमली त्या जागेला त्यांचंच नाव पडलं. कारखान्याच्या भट्ट्या विझल्या, कंदील अडगळीत गेला, गाव राहिलं. तेव्हा बाहेरची माणसं येऊन गावाची वाट लावतात हे खरं. पण आधी गाव लावतात, मग वाट.

कराडचं म्हणून सांगितलं जाणारं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० सालापासूनचं, ते कृष्णेपलीकडे विद्यानगरात, सैदापूरच्या अंगाला. ‘कराडला ॲडमिट केलंय’ असं ज्या मोठ्या इस्पितळाबद्दल पाटणपासून शिराळ्यापर्यंत सांगतात, ते मलकापुरात. म्हणजे शिकायला कराडबाहेर, दुखलं खुपलं तर कराडबाहेर, गाडी पकडायला कराडबाहेर. आत उरले आम्ही मूळ कराडकर आणि आमचा सुस्कारा.

याबाबतीत आमचं धोरण मात्र अगदी पक्कं आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा गोळेश्वरचे. पण पदकाची गोष्ट निघाली की आम्ही छाती फुगवून म्हणतो, “आमच्या कराडचा गडी!” आणि गोळेश्वरच्या बाजूचं गटार तुंबलं, रस्त्यावर आलं, की आम्ही म्हणतो, “ते आमच्या हद्दीत येत नाही, ग्रामपंचायतीला विचारा.” पदक कराडचं आणि गटार गोळेश्वरचं, अशी ही वाटणी आहे. आता इतकी सोयीची वाटणी भाऊबंदकीतसुद्धा कुणाला साधलेली नाही.

२०२० सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात कराडचा देशात पहिला नंबर आला. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. झाडू मारणाऱ्या माणसांनी तो घामाने मिळवलेला आहे. पण तो कोणत्या वर्गात आला? तर एक लाखाच्या आतल्या लोकवस्तीच्या शहरांत. मलकापूर, सैदापूर, गोळेश्वर, ओगलेवाडी ही सगळी माणसं रोज आमच्या रस्त्याने जातात, आमच्या मंडईत भाजी घेतात आणि केळ्याची सालं आमच्याच दारात टाकतात. झाडणाऱ्याला त्या सगळ्यांचं झाडावं लागतं. मोजणारा मात्र फक्त आमची डोकी मोजतो. म्हणजे लाखाच्या आतल्या गटात बसलेलं गाव, झाडू मात्र लाखाच्या वरचा मारतं.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे वळू. मूळ कराडकर म्हणजे कोण, हे मी पुष्कळ शोधलं. प्रथम नद्यांपासून सुरुवात केली. कृष्णा महाबळेश्वरची, कोयनाही महाबळेश्वरची. दोघी वेगवेगळ्या वाटांनी येतात, इथे समोरासमोर भेटतात आणि लगेच हातात हात घालून पूर्वेला निघून जातात. म्हणजे ज्या संगमावर आम्ही मालकी सांगतो, तो दोन बाहेरच्या बायकांच्या गाठीभेटीचा ओटा आहे.

मग माणसं शोधली. कराडचं नाव साऱ्या देशात ज्या एका माणसामुळे गेलं, ते यशवंतराव चव्हाण. त्यांची समाधी संगमावर आहे, घर गावात आहे, आणि जन्म? १९१३ साली देवराष्ट्र्याला. शिकण्यासाठी कराडला आलेला, घरची ओढगस्त असलेला मुलगा. आजच्या भाषेत सांगायचं तर विद्यानगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचाच भाऊबंद. टिळक हायस्कुलात त्याने १९३२ साली तिरंगा लावला आणि अठरा महिन्यांची शिक्षा भोगली. त्या वेळी चावडी चौकात कुणीतरी मूळ कराडकर नक्की म्हणाला असेल, “ही बाहेरगावची पोरं येत्यात आणि आपल्या शाळंचं नाव घालवत्यात.”

आणखी मागे गेलो. मध्य प्रदेशात भरहुतचा जो जुना स्तूप आहे, त्यासाठी दान देणाऱ्यांची नावं दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत करहाकडचे, म्हणजे आपल्या कराडचे लोक आहेत. दोन हजार वर्षांहून अधिक झाली त्याला. थोडक्यात, लेखी पुराव्याने सापडणारे अगदी जुने कराडकर कुठे सापडतात, तर कराडपासून शेकडो कोस लांब. गावाबाहेर गेलेले आणि तिथे गावाचं नाव लावणारे! कऱ्हाडे ब्राह्मणांचंही तेच. नाव कराडचं आणि घरं कोकणात. कराडकर होण्याची जुनी रीत कराड सोडून जाणे हीच दिसते.

आणि इथेच माझा त्या सुस्काऱ्याशी खरा तंटा आहे. सातारा-सांगलीच्या माणसाने ‘बाहेरचे’ हा शब्द उच्चारायचा म्हणजे सोलापूरकराने उन्हाची तक्रार दुसऱ्याकडे करण्यासारखं आहे. अहो, आपल्या या भागाचा धंदाच मुळी माणसं बाहेर पाठवण्याचा. पाटण, कराड, वाळवा, शिराळा इथल्या किती घरांत ‘मुंबईकर’ नाही? गिरण्या चालवल्या आपण. १९८२ च्या संपात होरपळून परत आलो तेही आपण. मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहिली आपण. ज्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, ते पाटण तालुक्यातलेच. आणि विटा, आटपाडीकडचे गलाईवाले? सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन ती माणसं हिंदुस्थानच्या कुठल्या सराफ कट्ट्यावर पोचलेली नाहीत? तमिळनाडू म्हणू नका, पंजाब म्हणू नका. तिथे त्यांची पोरं तिथली भाषा बोलतात, तिथे घरं बांधतात. तिथल्या एखाद्या मूळ गावकऱ्याने सुस्कारा टाकून म्हटलं, की ‘ह्या साताऱ्या-सांगलीच्या लोकांनी गावाची वाट लावली,’ तर आपण इथे मोर्चा काढू. आणि मोर्चा संपवून परत येताना वाटेत फळवाल्या भय्याला म्हणू, “तू कुठला रे?”

हा ‘कुठला रे’ किंवा ‘कुणाचा रे तू’ हा प्रश्न म्हणजे जुन्या गावाचा आत्मा, असं सांगतात. पूर्वी म्हणे पोरगं सिगारेट ओढताना दिसलं, की कुणीही कानशिलात देऊन विचारायचं, “कुणाचा रे तू?” सगळे सगळ्यांना ओळखत. किती जिव्हाळा! मलाही त्या जिव्हाळ्याच्या दोन थपडा मिळालेल्या आहेत. पण मी ब्राह्मणगल्लीत, वाण्याच्या दुकानात किंवा वाड्याच्या दारात ‘अमुक अमुक यांचा’ असं उत्तर दिलं, की पुढे गूळ-शेंगदाणे मिळत. ज्याच्या बापाचं नाव सांगितल्यावर गूळ-शेंगदाण्यांऐवजी ‘बाहेरच थांब’ मिळायचं, त्याला विचारा हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा वाटायचा ते. गाव वाढलं आणि हा प्रश्न विचारायला कुणाला सवड राहिली नाही, याचं दुःख त्याला होत असेल असं मला वाटत नाही. अभियांत्रिकीच्या मुली रात्री नऊला आइस्क्रीम खायला जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मामांना ते कळलेलं नसतं. हेही गाव वाढल्यामुळेच झालं. पूर्वीच्या कराडात मुलगी कृष्णाबाईच्या देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत बातमी घरी पोचायची.

आणि हा प्रश्न पुरता मेलेला नाही बरं का. तो आता भाड्याच्या खोलीच्या दारात बसतो. आमच्या पेठेतल्याच एका घरमालकाकडे एक नोकरदार तरुण खोली बघायला आला होता. खोली पसंत, डिपॉझिट कबूल. मग मालकांनी मऊ आवाजात विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?” पूर्ण नाव सांगितलं आणि खोली त्याच क्षणी मालकांच्या भाच्याला लागली. हे भाचे मोठे चमत्कारिक असतात. ते कधी दिसत नाहीत. पण रिकाम्या खोल्यांत मोठ्या संख्येने राहतात. शिरगणतीत कमी पडलेले दोन हजार बहुधा या भाच्यांतच असतील.

बरं, गाव एवढं वाढवलं कुणी? बाहेरचा माणूस डोक्यावर आपली जमीन घेऊन आला नव्हता. नाक्यापासून पार नांदलापूरपर्यंत जिथे ऊस डुलत होता, तिथे आता फ्लॅट डुलतात. काही तर खरोखरच डुलतात. तो ऊस कुणाचा होता? मूळ कराडकरांचाच ना? ऊस काढला आणि गुंठे लावले. पीक चांगलं. लागवड एकदाच, खोडवा जन्मभर, कारखान्याकडे बिलासाठी हेलपाटे नाहीत. गुंठ्याचे पैसे घेताना कुणी सुस्कारा टाकलेला मी पाहिला नाही. तो टाकतात पैसे बँकेत पडल्यावर, नव्या गाडीतून मुंगीच्या पायाने नाका पार करताना. “ट्रॅफिक लई वाढलंय हो!” वाढणारच. त्यात तुमची एक आहे.

अपेक्षांचंही असंच. पूर्वी नळाला तासभर पाणी आलं की लोक देवाला हात जोडत. आता पोरगं पुण्याहून सुट्टीला येतं आणि विचारतं, “इथं अजून चोवीस तास पाणी नाही?” त्याला पिझ्झा पंधरा मिनिटांत हवा, रस्ता गुळगुळीत हवा, बाग हवी, नाट्यगृह हवं, पोहण्याचा तलाव हवा. मला विचाराल तर सगळं हवंच. यात काही चूक नाही. गाव वाढलं की हाव नव्हे, हक्क वाढतो. फक्त घरपट्टी आजोबांच्या वेळची हवी, हे तेवढं जमत नाही. शहराच्या सोयी आणि खेड्याची पट्टी! लग्न ताजमहाल हॉटेलात आणि आहेर सव्वा रुपया, असा हा हिशेब.

आणि हिशेब जमतो हे दाखवणारं गाव शोधायला युरोपात जायला नको, नाका ओलांडला की पुरे. ज्या मलकापूरला आम्ही ‘ते काय, परवापर्यंत ऊस होता तिथं’ म्हणून नाक मुरडतो, त्या मलकापूरने चोवीस तास पाणी देणारी योजना उभी करून दाखवली. घराघराला मीटर लावलं. जास्त वापराल तर जास्त दर, असा साधा नियम केला. नळ सदा चालू म्हटल्यावर पिंप भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून द्यायची सवयच मोडली. लांबलांबचे लोक ते बघायला येऊन गेले. ज्यांना आम्ही उपरे म्हणतो, त्यांनी मीटर मान्य केलं. मूळ कराडकराला मीटर म्हटलं की तो इतिहासात शिरतो आणि थेट शिलाहारांपर्यंत जातो. शिलाहार काही पाणीपट्टी भरायला येणार नाहीत.

एवढं सगळं विनोदाने बोलता येतं. पण एक गोष्ट आहे तिथे मला हसू येत नाही. नदीला हद्द कळत नाही. कराडचं, मलकापूरचं, सैदापूरचं, भोवतालच्या सगळ्या वाड्यांचं जे सांडपाणी शुद्ध न होता सुटतं, ते जातं कृष्णा-कोयनेलाच. खाली सांगलीकर तीच कृष्णा पितात. त्याही खाली नरसोबाच्या वाडीला भाविक तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात. आम्ही वाईकरांच्या नावाने बोटं मोडतो, सांगलीकर आमच्या नावाने मोडत असणार. सांडपाण्याची योजना किती माणसांसाठी आखायची, हे डोकी मोजून ठरतं. डोकी मोजली कमी, म्हणून नळ घातला बारीक, आणि उरलेलं नदीत. २००५, २०१९, २०२१ अशा एकामागून एक पुरांनी नदी आमच्या दारात येऊन गेली. तिला काही सांगायचं असावं. आम्ही फोटो काढले.

यावर लगेच कुणी म्हणेल, मग मलकापूर, सैदापूर सगळं कराडात घाला. मी तसं म्हणत नाही. पुण्याने २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पोटात घेतली, आणि त्यांतली फुरसुंगी, उरुळी देवाची ही दोन पुन्हा बाहेर काढायची वेळ आली. नुसतं गिळून वाढ होत नाही, पचावं लागतं. पाट्या वेगळ्या राहू द्यात, नगराध्यक्ष वेगळे राहू द्यात, हारतुऱ्यांचा खर्च दुप्पट होऊ द्या. पण पाणी, सांडपाणी, कचरा आणि रस्ता यांचा जमाखर्च एका वहीत लिहा. ते करायला कुणाची सत्ता जात नाही. जाते ती फक्त ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणण्याची सोय.

जुनं गाव गेल्याची हळहळ खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. घाटावर बसून मनोऱ्यांमागे मावळणारा दिवस मीही पाहिला आहे आणि ती शांतता आता मिळत नाही, हे मलाही टोचतं. पण हळहळ ही खाजगी मालमत्ता आहे. तिचा कर दुसऱ्यावर बसवू नये. जो इथलं पाणी पितो, इथेच सांडपाणी सोडतो आणि दोन्हीची पट्टी भरतो, तो कराडकर. मग तो बीडहून ऊस तोडायला सहा महिन्यांसाठी आलेला असो, बिहारहून फरशी बसवायला आलेला असो की माझ्यासारखा पेठेत जन्मून कुठेच न गेलेला.

पुढची शिरगणती २०२७ साली व्हायची आहे. मोजणारा दारात येईल तेव्हा माझी मूळ कराडकरांना हात जोडून एकच विनंती आहे. चहा द्या, न द्या. पण घरपट्टी वाढेल या भीतीने वरच्या मजल्यावरची ती चार पोरं लपवू नका. ‘ते होय, पाव्हणे आल्यात’ असं म्हणू नका. शिरगणतीत सांगितलेलं कुणापुढे उघड करायचं नाही, असा १९४८ सालचा कायदा आहे, तेव्हा भिण्याचं कारण नाही. त्यांना खाली बोलवा, नावं सांगू द्या. आणि जमलंच तर त्या वेळी आडनावं तुम्ही ऐकू नका.